लहान शहरातलं जुनं विटांचं बैठं घर : वारसामूल्य मांडायचं कसं, जपायचं कसं?

विटकरी (प्रश्न)

एका लहान शहरातल्या विटांच्या बैठ्या घराचं वारसामूल्य लेखी मांडायचं आहे. घर एकमजली आहे. मधोमध दार, दोन्ही बाजूंना एकेक खिडकी, उतरतं छप्पर, दोन टोकांना विटांची धुराडी. शंभर वर्षांहून जुनं नक्की, पण नेमकं साल कुठे कोरलेलं नाही. कुणा नामवंत वास्तुविशारदाने ते बांधलेलं नाही आणि कुणी प्रसिद्ध व्यक्ती तिथे राहिल्याची नोंदही नाही. त्यामुळे पहिला आक्षेप ठरलेला येतो : "अशी घरं ढिगाने होती, यात जपण्यासारखं काय?"

सध्याची स्थिती अशी. दर्शनी भिंत उघड्या विटांची आहे आणि तिच्यातला जुना चुना बराच शिल्लक आहे. एका बाजूच्या तिकोनी भिंतीच्या दरजा (विटांमधले सांधे) सिमेंटने भरल्या आहेत आणि तिथल्या विटांचे पापुद्रे सुटत आहेत. जोत्यावर प्लास्टिक रंग दिला आहे, आतून गुडघाभर उंचीपर्यंत ओल दिसते. मागच्या बाजूला नंतर जोडलेली एक खोली आहे, तिच्या विटा वेगळ्या आहेत.

मला तीन गोष्टी हव्यात. साध्या घराचं मूल्य कोणत्या निकषांवर मांडतात? घराचं वय आणि त्यातले बदल पुराव्याने कसे ठरवायचे? आणि दुरुस्तीत हे मूल्य नष्ट होऊ नये म्हणून नेमकं काय टाळायचं?

ओळंबा

आक्षेपाला उत्तर १९६४ पासून लिहून ठेवलेलं आहे. व्हेनिस सनद ही वास्तुजतनाची आंतरराष्ट्रीय सनद; तिच्या पहिल्याच कलमात म्हटलं आहे की ऐतिहासिक वास्तूची कल्पना फक्त थोर कलाकृतींपुरती नाही; काळाच्या ओघात ज्यांना सांस्कृतिक महत्त्व आलं अशा साध्या वास्तूही तिच्यात येतात. त्याआधी, १९०३ मध्ये, ऑस्ट्रियन कलेतिहासकार आलोइस रीगलने 'वयोमूल्य' वेगळं काढून दाखवलं होतं. काळाच्या खुणा अंगावर असणं हेच एक मूल्य असतं आणि ते ओळखायला इतिहासाचं ज्ञानही लागत नाही, असं त्याचं म्हणणं. तुमच्या घरासाठी हे दोन आधार पुरेसे भक्कम आहेत.

प्रत्यक्ष मांडणीला मात्र मी बुरा सनदेचा साचा घेईन. इकोमॉस या वारसा जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ऑस्ट्रेलियातल्या समितीने ती १९७९ मध्ये स्वीकारली, आजची आवृत्ती २०१३ ची आहे. तिचं नावच मुळी बुरा या खाणींच्या लहानशा गावावरून पडलं. तिच्यात पाच मूल्यं आहेत : सौंदर्याचं, ऐतिहासिक, वैज्ञानिक, सामाजिक आणि आध्यात्मिक. पाचही रकाने भरायची सक्ती नाही. लोक इथेच चुकतात. पाचही ठिकाणी 'उच्च' लिहून मोकळे होतात आणि तपासणारा पहिल्या वाचनातच अहवाल बाजूला ठेवतो. साध्या घराला बहुधा दोन मूल्यं खरोखर लागू पडतात, ती नीट सिद्ध करावीत.

ऐतिहासिक मूल्य म्हणजे "इथे अमुक राहत होते" एवढंच नव्हे. गाव कोणत्या उद्योगामुळे वाढलं, रेल्वे कधी आली, वीटभट्टी कधी सुरू झाली, त्या टप्प्याची साक्ष हे घर देतं का, ते पाहावं. वैज्ञानिक मूल्य म्हणजे घराच्या अंगातून अजून काय शिकता येईल : विटांचं माप, चुन्यातली वाळू, छपराचे सांधे, रंगाचे थर. साध्या घरांत हे मूल्य अनेकदा सर्वांत मोठं असतं, कारण अशा घरांचे नकाशे आणि करारपत्रं क्वचितच उरतात. घराची भिंत हाच त्याचा एकमेव दस्तऐवज असतो. म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात दडलेलं आहे : ज्या वस्तूंवरून वय कळतं, त्याच वस्तू दुरुस्तीत सर्वांत आधी फेकल्या जातात.

आता "ढिगाने होती" याबद्दल. याला भावनेने उत्तर देऊ नका, तुलनेने द्या. गावातली त्याच काळातली, त्याच प्रकारची जेवढी घरं उरली आहेत त्यांचा तक्ता करा. प्रत्येकासमोर छप्पर मूळचं की बदललेलं, दारं-खिडक्या, विटांचं तोंड उघडं की लिंपलेलं, धुराडं, आतली आखणी, कुंपण आणि आवार, असं लिहा. हे रकाने भरले की दोनपैकी एक चित्र दिसतं. अशी घरं थोडी उरली असतील तर दुर्मीळतेचा दावा करता येतो. बरीच उरली असतील तर 'प्रातिनिधिक' हा दावा करावा, म्हणजे त्या प्रकारातलं सर्वांत कमी बदललेलं घर कोणतं ते दाखवावं. दोन्ही दावे एकाच वाक्यात कोंबू नका. ते एकमेकांना कापतात.

घर किती अबाधित आहे हे तपासायला अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीतले सात मुद्दे चांगले आहेत : जागा, रचना, भोवताल, साहित्य, कारागिरी, जाणीव आणि संबंध. तुमच्या घराचं साहित्य आणि कारागिरी दर्शनी भिंतीत टिकलेली दिसते, तिकोनी भिंतीत ती धोक्यात आहे. भोवतालाकडे दुर्लक्ष करू नका. रस्त्यापासूनचं अंतर, कुंपणभिंत, जुनं झाड, मागची विहीर किंवा शेड, हे सगळं नोंदवा. घर जपलं आणि आवार सपाट करून गाड्या लावायला फरसबंदी केली, की निम्मं मूल्य जातं. वर जोत्यात ओल चढते ती वेगळीच.

घराचं महत्त्व सांगणारं निवेदन एका पानात बसवा. नमुना देतो :

"हे एकमजली विटांचं घर गावाच्या पहिल्या विस्ताराच्या टप्प्यातलं आहे. मधोमध दार आणि दोन बाजूंना खिडक्या ही त्या काळातली प्रचलित मांडणी इथे फारशी न बदलता टिकली आहे. दर्शनी भिंतीतील हाताने पाडलेल्या विटा, चुन्याच्या मूळ दरजा आणि छपराचे मूळ वासे हे बांधकामतंत्राचे प्रत्यक्ष पुरावे आहेत. मागची खोली हा नंतरचा, घराच्या वापराचा क्रम दाखवणारा भाग आहे. तिकोनी भिंतीवरील सिमेंट आणि जोत्यावरील रंग हे बाधक बदल आहेत."

यातलं प्रत्येक वाक्य घरावर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. 'गावाची शान', 'अनमोल ठेवा' असे शब्द काढून टाका. त्यांच्या जागी खोलीवार रंगवलेला नकाशा जोडा : अतिमहत्त्वाचं, मध्यम, गौण, बाधक. उद्या दुरुस्ती करणाऱ्याला निवेदनापेक्षा हा नकाशाच उपयोगी पडतो.

दफ्तरखाना

वयाबद्दल कागदांकडून सुरुवात करा, पण कागद काय सांगत नाही हेही लक्षात ठेवा.

जमीन खरेदीचं साल म्हणजे घर बांधल्याचं साल नव्हे. जागा रिकामी घेऊन कित्येक वर्षांनी घर बांधलं जातं. त्यापेक्षा कर आकारणीची वही जास्त बोलते. एकाच जागेची आकारणी वर्षानुवर्षं सारखी राहते आणि एका साली एकदम उडी घेते. ती उडी बहुतेक वेळा बांधकामाची असते, नंतरची छोटी उडी वाढीव खोलीची. मात्र त्याच साली सगळ्या गावाची फेरआकारणी झाली होती का, हे शेजारच्या चार-पाच जागा पाहून तपासा. नाहीतर करवाढीलाच बांधकाम समजाल.

आगविम्याचे नकाशे (विमा कंपन्यांसाठी काढलेले इमारतींचे नकाशे) उपलब्ध असतील तर ते सोन्यासारखे. सॅनबॉर्न कंपनीचे अमेरिकी नकाशे १८६७ पासूनचे आहेत. त्यांत विटांची इमारत गुलाबी आणि लाकडाची पिवळी रंगवलेली असते, मजले आणि छपराचं साहित्यही खुणांनी दाखवलेलं असतं. दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात मागची खोली उगवली, तर तिचा काळ दोन्ही बाजूंनी बांधला जातो. ज्या देशांत असे नकाशे नाहीत तिथे मोजणीचे नकाशे, बांधकाम परवानगीचे अर्ज, मृत्युपत्रातली मालमत्तेची यादी आणि जुन्या वृत्तपत्रांतल्या घरविक्रीच्या जाहिराती वापरा. जाहिरातीत खोल्यांची संख्या असते, म्हणून तिच्याकडे खास लक्ष द्यावं.

सापळे तीन. रस्त्यांची नावं आणि घरांचे क्रमांक बदलतात, त्यामुळे जुनी नोंद शेजारच्या घराची निघू शकते. कोपऱ्यावरच्या घरापासून मोजत या. दारावरचा सालाचा दगड दुसऱ्या इमारतीतून आणून बसवलेला असू शकतो. आणि छायाचित्रामागे हाताने लिहिलेलं साल हे कुणीतरी नंतर केलेलं अनुमान असू शकतं, म्हणून चित्रातले विजेचे खांब, तारा, दुकानांच्या पाट्या यांवरून पडताळा.

निष्कर्ष लिहिताना एकच साल ठोकून देऊ नका. "अमुक सालानंतर आणि तमुक सालापूर्वी" असं लिहा आणि दोन्ही टोकांचा पुरावा सांगा.

चुनाभट्टी

कागद बाजूला ठेवून भिंतीपाशी उभं राहा.

एक वीट मोजून काही कळत नाही, विटा भाजताना कमी-जास्त आकसतात. किमान दहा-वीस विटांची लांबी, रुंदी, जाडी घ्या आणि सरासरी काढा. शिवाय चार थर आणि चार दरजा मिळून उंची किती होते ते मोजा, तुलनेला हे माप सर्वांत भरवशाचं. मागच्या खोलीचं हेच माप वेगळं आलं तर विटांचा पुरवठा वेगळा, हे सिद्ध झालं. विटेच्या मापावरून थेट साल काढण्याचा मोह टाळा. ब्रिटनमध्ये १७८४ ते १८५० दरम्यान विटांवर नगावर कर होता, म्हणून काही भट्ट्यांनी विटा मोठ्या केल्या. पण तो नियम दुसऱ्या देशात लावला तर हसं होईल.

हाताने पाडलेल्या विटेच्या अंगावर मातीच्या घड्या, सुरकुत्या आणि वाळूचे कण दिसतात, कोरा (कडा) किंचित वाकड्या असतात. तारेने कापलेल्या विटेच्या वरच्या-खालच्या तोंडावर समांतर ओरखडे असतात आणि साच्याने पडणारा खळगा नसतो. यंत्राने दाबलेल्या विटेच्या कोरा धारदार, खळगा खोल, कधी त्यात भट्टीचं नाव. एकाच भिंतीत काही विटा काळपट आणि काही फिकट असतील तर जुन्या भट्टीतला असमान ताव दिसतो आहे; १८५८ मध्ये पेटंट झालेल्या हॉफमनच्या अखंड भट्टीनंतर भाजणी बरीच एकसारखी होत गेली. अर्थात विटा पुन्हा वापरल्या जातात. म्हणून वीट फक्त "याआधी नाही" एवढंच सांगते.

थरांची जुळणी पाहा. प्रत्येक थरात आडवी (लांब बाजू पुढे) आणि उभी (आखूड बाजू पुढे) वीट आलटून पालटून असेल तर फ्लेमिश बांधणी, एक थर आडव्यांचा आणि एक उभ्यांचा असेल तर इंग्लिश. सगळीकडे फक्त आडव्या विटाच दिसल्या तर भिंत पोकळ असेल किंवा दर्शनी विटांची पातळ त्वचा असेल. दाराच्या खाचेत भिंतीची जाडी मोजली की उलगडा होतो. अनेक घरांत दर्शनी भिंत फ्लेमिश आणि बाजूच्या भिंती साध्या बांधणीच्या असतात. पैसा कुठे दिसावा याची ती बांधणाऱ्याने केलेली निवड आहे, निवेदनात आवर्जून लिहा.

मागची खोली मुख्य भिंतीला कशी मिळते ते बघा. विटा एकमेकींत गुंतलेल्या नसतील आणि सरळ उभी फट असेल तर खोली नंतरची. मुख्य भिंतीच्या दरजांना केलेलं टोकदार किंवा सपाट फिनिशिंग त्या खोलीच्या आत चालू राहिलेलं दिसलं तर शंका उरत नाही, कारण एकेकाळी ती बाहेरची बाजू होती.

छपरात चढा. वाशांवर सरळ पण अनियमित खुणा असतील तर हातकरवत, अर्धवर्तुळाकार खुणा असतील तर गोल करवत. खिळा चौकोनी आणि दोनच बाजूंनी निमुळता असेल तर पत्र्यातून कापलेला. गोल तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वसामान्य झाला. बोथट टोकाचा स्क्रू हा टोकदार स्क्रूपेक्षा जुन्या पद्धतीचा, टोकदार स्क्रू १८४० च्या दशकानंतर पसरले. तावदानाच्या काचेत लाटा आणि बुडबुडे दिसले तर ती जुनी. पूर्ण सपाट फ्लोट काच पिल्किंग्टन या ब्रिटिश काच कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली. अशी एकही काच 'खराब' म्हणून बदलू देऊ नका. चौकट दुरुस्त करताना तावदानं क्रमांक घालून काढा आणि तिथेच परत बसवा.

चुन्याचा नमुना वळचणीखालून, पावसापासून सुरक्षित जागेतून आणि दरजेच्या आतल्या भागातून घ्या. पृष्ठभागावरचा मसाला बहुधा नंतर भरलेला असतो. तीन जागांहून प्रत्येकी साधारण ५० ग्रॅम पुरतो. निम्मा तुकडा तसाच ठेवून द्या. उरलेला ठेचून, वाळवून, वजन करून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला की चुना फसफसून विरघळतो आणि वाळू मागे उरते. ती धुवून, वाळवून पुन्हा तोला आणि चाळण्यांतून काढा. आम्ल नेहमी पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. चष्मा, हातमोजे आणि मोकळी हवा हवी. वाळूत शिंपल्यांचे किंवा चुनखडीचे कण असतील तर तेही विरघळतात आणि चुना खरा होता त्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून आधी भिंगातून पाहून घ्या. मसाल्यात पांढऱ्या गुठळ्या दिसल्या तर त्याही नोंदवा, चुना वाळूबरोबरच विरवला असावा असं त्या सुचवतात.

विटकरी

खूप उपयोगी. दोन गोष्टी आणखी विचारतो. तिकोनी भिंतीतलं सिमेंट काढावं का, की काढताना जास्त नुकसान होईल? आणि मागची खोली पाडून घर "मूळ रूपात" आणावं, असा आग्रह होतो आहे. ते योग्य ठरेल का?

चुनाभट्टी

आधी सिमेंटने काय होतं ते नीट समजून घ्या, मग काढायचं की नाही हे आपोआप ठरेल. जुनी वीट मऊ आणि सच्छिद्र असते. भिंतीत शिरलेलं पाणी चुन्याच्या दरजांतून बाहेर पडतं, क्षारही तिथेच साठतात, दरजा झिजते आणि काही दशकांनी पुन्हा भरली जाते. तिचं कामच ते. सिमेंटने तो मार्ग बंद केला की पाणी विटेच्या तोंडातून सुकतं आणि क्षार विटेच्या कातडीच्या आत स्फटिक बनतात. सोडियम सल्फेट तर पाणी शोषून घनफळाने सुमारे चौपट होतं. लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो, तोंड गळून पडतं आणि सिमेंटची जाळी तेवढी पुढे उभी राहते. भिंत हलते तेव्हाही तेच. चुना थोडं सोसतो, सिमेंट सोसत नाही, आणि तडा विटेत जातो.

तरीही सरसकट काढू नका. भिंतीवर छिन्नीने ठिकठिकाणी तपासा. जिथे सिमेंट वरवर, पाच-दहा मिलिमीटर बसवलं आहे आणि विटेपासून सुटलं आहे, ते हलक्या हातोडीने आणि दरजेपेक्षा अरुंद छिन्नीने निघतं. जिथे घट्ट धरलं आहे आणि वीट अजून शाबूत आहे, तिथे थांबा. वीट फोडून सिमेंट काढण्यात कसलंच जतन नाही. आधी एक चौरस मीटरचा नमुना करा, त्यात किती विटांच्या कोरा तुटल्या ते मोजा आणि मग पूर्ण भिंतीचा निर्णय घ्या. ग्राइंडर उभ्या दरजांवर चालवू देऊ नका. तो वरच्या-खालच्या विटेत हमखास घुसतो आणि ती खाच कायमची राहते.

भरताना पुढचा क्रम पाळा.

खोली : दरजेच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट. १० मिमी दरजेला २० ते २५ मिमी. मागची बाजू चौकोनी हवी, गोलसर खोबण राहिली तर नवा मसाला टोपीसारखा सुटून येतो.

वाळू : जाडी-बारीक मिश्र, टोकदार कणांची, धुतलेली. रंग जुन्या वाळूशी जुळवा, कारण दरजेचा रंग वाळूच देते. एक लिटर पूर्ण कोरडी वाळू भांड्यात घ्या आणि मोजून पाणी ओता, पाणी वाळूच्या पातळीला येईपर्यंत. ३३० मिलि लागलं तर पोकळी एक तृतीयांश, म्हणजे चुना १ ला वाळू ३. ४०० मिलि लागलं तर १ ला अडीच. प्रमाण पाठ करण्यापेक्षा हे मोजणं खरं.

चुना : आडोशाच्या भिंतीला मुरवलेल्या चुन्याचा लगदा. धुराड्याच्या माथ्यासारख्या उघड्या जागी हायड्रॉलिक चुना (पाण्याशी संयोग होऊन घट्ट होणारा), पण मऊ विटेला त्यातला सौम्य प्रकारच. 'थोडं सिमेंट टाकू, लवकर धरेल' हा सल्ला ऐकू नका. त्याने चुन्याचा मोकळेपणा जातो आणि सिमेंटची ताकदही धड येत नाही.

भरणी : दरज झाडून आदल्या दिवशी आणि भरण्याआधी भिजवा, वीट ओली हवी, पाणी साचलेलं नको. खोल जागी सुमारे ६ मिमीचे थर, प्रत्येक थर अंगठा दाबल्यावर जेमतेम ठसा उमटेल इतका घट्ट झाला की पुढचा. शेवटचा थर विटेच्या तोंडापेक्षा किंचित आत. विटेच्या झिजलेल्या कोरांवर मसाला फासला की दरज रुंद दिसते आणि पूर्ण भिंतीचा चेहरा बदलतो. घट्ट होत आल्यावर राठ ब्रशने ठोकून घ्या, वाळूचे कण उघडे पडतात आणि बारीक भेगा मिटतात.

जपणूक : ओलं गोणपाट, निदान आठवडाभर, ऊन आणि वाऱ्यापासून आडोसा. तापमान ५ अंश सेल्सिअसखाली जात असेल तर काम पुढे ढकला. फार लवकर सुकलेला चुना बोटाने भुगा होतो आणि मग लोक म्हणतात, चुनाच वाईट.

गळलेल्या विटांपैकी २० ते २५ मिमीपेक्षा जास्त झिजलेल्याच बदला. कधी वीट काळजीपूर्वक काढून उलटी फिरवली की मागचं निरोगी तोंड पुढे येतं.

कौलारू

ओळंबांनी नमुन्यात मागच्या खोलीला मोल दिलं आहे, तिच्याबाबत माझं मत वेगळं आहे. तिचं छप्पर मुख्य छपराच्या वळचणीखाली घुसलं असेल तर जोडावर पाणी तुंबतं आणि मुख्य वाशांची टोकं कुजतात. मूल्य मागच्या खोलीत नसून मुख्य घरात आहे. मुख्य घर वाचवायला खोली गेली तर जाऊ दे.

ओळंबा

पाण्याचा मुद्दा बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. जोडावरची पन्हळ रुंद करणं, जोडपट्टी बदलणं, उतार वाढवणं हे सगळं खोली न पाडता होतं. व्हेनिस सनदेचं ११ वं कलम सांगतं की वास्तूच्या घडणीत सर्व काळांचं योगदान मानावं, शैलीची एकरूपता हे उद्दिष्ट नव्हे. काढून टाकायचं ते फारसं महत्त्वाचं नसेल आणि त्यामागे उघड होणारं फार मोलाचं, शिवाय सुस्थितीत असेल, तरच काढणं समर्थनीय ठरतं. इथे खोलीमागे काय आहे? मुख्य घराची मागची साधी भिंत. शिवाय "मूळ रूप" कसं होतं याचा पुरावा नसेल तर ते अंदाजाने रचावं लागेल, आणि नवव्या कलमाप्रमाणे जिथे अटकळ सुरू होते तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे.

एक व्यावहारिक कारणही आहे. आजच्या गरजांसाठी, म्हणजे न्हाणीघर, नळ, विजेची पेटी यांसाठी, कुठेतरी फोडाफोड करावीच लागते. ती मागच्या खोलीत सामावली तर मुख्य खोल्यांच्या भिंतींना हात लागत नाही. 'आवश्यक तेवढाच बदल, शक्य तितका कमी' हे बुरा सनदेचं तत्त्व अशा ठिकाणी जमिनीवर उतरतं. काहीही हलवण्याआधी मात्र १:५० चा मोजणी नकाशा, खोल्यांचे कर्ण मोजून केलेला. दारं-खिडक्या आणि कमानींचे १:१० चे तपशील. मोजपट्टी धरून काढलेली छायाचित्रं, प्रत्येक भिंतीची समोरून. छायाचित्रांवरून त्रिमित नमुना करायचा असेल तर शेजारच्या दोन चित्रांत ६० ते ८० टक्के भाग समान हवा.

रंगाच्या थरांसाठी दाराच्या चौकटीवर, न झिजलेल्या कोपऱ्यात, थर पायरीपायरीने खरवडून एक छोटी पट्टी उघडी करा आणि ती तशीच राखा. संपूर्ण चौकट तासून 'लाकूड मोकळं' करू नका. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी, त्यामुळे कोरडं घासणं आरोग्यालाही घातक.

कौलारू

अटकळीचा मुद्दा मान्य. मग निदान जोडावरची पन्हळ दर पावसाळ्याआधी आणि नंतर साफ करायची सोय, म्हणजे शिडी लावायला जागा, आराखड्यातच धरा. आणि वाशांची टोकं टोच्याने टोचून बघा. टोच्या १० मिमीपेक्षा सहज आत गेला तर तेवढंच टोक कापून नवं लाकूड सांध्याने जोडा, अख्खा वासा बदलू नका.

निचरा

ओलीबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून. गुडघाभर उंचीची ओल पाहून लगेच भिंतीत ओल अडवणारं रसायन टोचायला जाऊ नका. खडकाळ भरावाच्या किंवा जाड जुन्या भिंतीत ते सलग थर बनवत नाही, आणि भोकांच्या रांगेने जोत्याची मूळ वीट कायमची खराब होते. विटांवर पाणीरोधक सिलिकॉन मारणंही टाळा. पाणी कुठल्यातरी भेगेतून आत जातंच आणि क्षारांसकट मागे अडकतं.

विजेच्या टोच्यांचा ओलमापक क्षारांमुळे जास्त आकडा दाखवतो. खात्री करायची तर भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर, खोलवर सावकाश भोक पाडून चुरा घ्या, लगेच हवाबंद डबीत भरा, तोला, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि पुन्हा तोला. तळाशी ओल जास्त आणि वर कमी होत गेली तर ती जमिनीतून चढते आहे. मधल्याच उंचीवर जास्त निघाली तर पन्हळ, खिडकीची तळपट्टी किंवा एखादी गळकी नळी शोधा.

बहुतेक जुन्या घरांत कारण साधं असतं : बाहेरची जमीन वर्षानुवर्षांच्या भरावाने आणि फरसबंदीने वर आली. बाहेरची पातळी आतल्या जमिनीपासून निदान १५० मिमी खाली आणा, भिंतीलगत सिमेंटची पट्टी असेल तर काढा, माती भिंतीपासून दूर उतरती करा. खणताना पायाच्या खाली जाऊ नका. छपराचं पाणी जोत्यापासून लांब सोडा. जोत्यावरचा प्लास्टिक रंग काढताना वाळूचा मारा अजिबात नको. विटेची भाजलेली कातडी निघते आणि आतला मऊ गाभा उघडा पडतो. ३०० × ३०० मिमीच्या तुकड्यावर कमी दाबाची गरम वाफ किंवा रंगविरघळी लेप आजमावा आणि तो तुकडा काही आठवडे पाहा.

आतून सिमेंटचा गिलावा असेल तर तोही ओल वर ढकलतो. त्या जागी चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी. पण घाई नको. पाण्याचं मूळ बंद झाल्यावर भिंत दर २५ मिमी जाडीला साधारण एक महिना या ढोबळ वेगाने सुकते, म्हणजे २२५ मिमीच्या भिंतीला नऊ महिने तरी. तोवर लोणा बाहेर येत राहील. तो कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा आणि घराबाहेर टाका. पाण्याने धुतला तर क्षार परत भिंतीत जातात. लोणा थांबला की मगच गिलावा.